आग्रह करू नये

जिलेबी वाढायला खुद्द नवरीचे काका उतरले होते आणि ते कुणालाच सोडत नव्हते. नको म्हणून पानावर आडवा धरलेला हात ते बाजूला सारायचे, दोन वेढे टाकायचे, आणि "आमच्या पोरीचं लगीन काय रोज हाय काय" म्हणत पुढच्या पानाकडे वळायचे. कस्तुरी मगदूम त्या रांगेत बरोबर मध्ये बसली होती. तिच्या पानातली जिलेबी संपली होती आणि तिला आणखी एक हवी होती. काका तिच्यासमोर आले, थबकले, ताट दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि चकार शब्द न काढता उभे राहिले. तिनं मागावी, मग आपण वाढू, असा त्यांचा चेहरा. पण पंगतीत जिलेबी मागून घ्यायची म्हणजे अगदीच हावरटपणा. ती कुणीतरी बळंच वाढावी लागते आणि आपण नको नको म्हणावं लागतं. कस्तुरीही गप्प राहिली. मग काका मान खाली घालून पुढे सरकले आणि शेजारच्या बाईंच्या पानात त्यांनी चार वेढे टाकले.

कस्तुरी उरलेला मसालेभात चिवडत राहिली. काकांची चूक नव्हती. तिला आग्रह करायला कायद्यानं बंदी होती, आणि गडहिंग्लजच्या लोकांनी तो कायदा जरा जास्तच मनावर घेतला होता.

हे सारं तिच्या घशामुळे झालं होतं. काही वर्षांपूर्वी लहान मुलांमध्ये एक नवा आजार आला. घशात पांढरट पडदा धरायचा, आवाज बसायचा आणि मग श्वास कोंडायचा. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं, लोकांनी 'घसाकोंडी' म्हटलं आणि तेच टिकलं. त्याचे जंतू जुन्या औषधांना पुरते सरावलेले होते. एकही प्रतिजैविक त्यांच्यावर चालेना. मग गावोगाव लोकांच्या घशातले नमुने तपासले, तेव्हा कळलं की दहा लाखांत एखाद्याच्या घशात एक वेगळाच निरुपद्रवी जीवाणू वस्तीला असतो आणि तो घसाकोंडीच्या जंतूंना तिथे पाय रोवू देत नाही. त्याला 'रक्षकाणू' म्हणू लागले. आजारी मुलाच्या घशात रक्षकाणूंचा ताजा फवारा सलग काही दिवस मारला की पडदा विरघळायचा.

अडचण एकच होती. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत रक्षकाणू वाढायचे, पण दोन-चार पिढ्यांत आपली विद्या विसरायचे. तिथे त्यांना भांडायला कुणी नसायचं. बऱ्या झालेल्या मुलांच्या घशातही ते फार काळ टिकत नसत. मूळ माणसाच्या घशात मात्र त्यांची विद्या शाबूत राहायची. अशा माणसांना सरकारी भाषेत 'धारक' म्हणायचे. आजूबाजूच्या चार तालुक्यांत मिळून धारक निघाली ती एकटी कस्तुरी. शाळेत कधी वरच्या दहांत न आलेली ही बाई वयाच्या चाळिशीत अशी चार तालुक्यांत पहिली आली.

सुरुवातीला लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. मग लांबच्या एका राज्यात एका धारकाला गावकऱ्यांनी प्रेमानं देवळाच्या भक्तनिवासात ठेवून घेतलं. हार घातले, गोडधोड खाऊ घातलं आणि दाराला बाहेरून कडी लावली. त्यानं खिडकीतून पळायचा प्रयत्न केला आणि तो पडून मेला. त्यानंतर मुक्तसंमती कायदा आला. कायदा चांगला होता. तो झाला त्या दिवशी कस्तुरीलाही सुटल्यासारखं वाटलं होतं. धारकाचं शरीर धारकाचं. द्यायचं की नाही, हे त्यानं एकट्यानं ठरवायचं. त्याला कुणी विनंती करायची नाही, भीड घालायची नाही, भीती दाखवायची नाही. दे म्हणून सांगायचं नाही, देऊ नको म्हणूनही सांगायचं नाही. आजारी मूल त्याच्यासमोर आणायचं नाही. त्याचे आभारही मानायचे नाहीत, कारण आभार मानणं म्हणजे पुढच्या वेळची मागणी आत्ताच करून ठेवणं. फवारा कुणाला गेला, कोण वाचलं, हे त्याला कळवायचं नाही. हे मोडणाऱ्याला तुरुंग.

कस्तुरीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत एक संमतीपेटी बसली. रोज सकाळी, चहाच्या आधी, पेटीतला बाईचा आवाज विचारायचा, "आज देण्याची आपली इच्छा आहे का?" कस्तुरी 'हो'चं बटण दाबायची. मग दुसरा प्रश्न यायचा, "हा निर्णय आपण कुणाच्या सांगण्यावरून घेतला आहे का?" ती 'नाही'चं दाबायची. "ठीक आहे," म्हणून पेटी एक बारीक कापूस लावलेली काडी पुढे करायची. काडी घशात फिरवून परत ठेवली की पलीकडे गल्लीच्या बाजूनं कुणीतरी गाडीतून येऊन ती काढून न्यायचं. त्या माणसाचं तोंडही तिनं कधी पाहिलं नव्हतं.

एकदा तिनं मुद्दाम 'नाही' दाबून पाहिलं. काय होतं ते तरी बघू. पेटी त्याच आवाजात, त्याच गोडव्यानं "ठीक आहे" म्हणाली. बस्स. कुणी आलं नाही, कुणी कारण विचारलं नाही. दिवसभर कस्तुरी पुन्हा पुन्हा पेटीसमोर जाऊन उभी राहिली. त्या दिवशी कुठे कुणाचा श्वास कोंडला का, हे तिला कधीच कळणार नव्हतं, आणि हे कळू न देणं हेच तिचं स्वातंत्र्य होतं.

लोकांनी मात्र कायद्याच्याही पुढची मजल मारली. कस्तुरी घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. पूर्वी बायका दारातूनच ओरडायच्या, "उद्याच्याला पायजे हं, न्हाईतर बघ." आता साडी टेबलावर ठेवून म्हणायच्या, "तुमच्या सवडीनं." उद्या हवी म्हटलं तर ती मागणी ठरायची, कोण भानगडीत पडणार? एकीचा शालू तर तिच्या स्वतःच्या लग्नाचा निघाला. तारीख सांगायची तिला भीती वाटली. शालू कस्तुरीच्या कपाटात राहिला आणि ती बिचारी दुसरीच साडी नेसून बोहल्यावर चढली. हे कस्तुरीला नंतर कळलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग तिनं त्याच रात्री बसून त्या शालूला फॉल लावून टाकला. गल्लीतून जाताना लोक तिच्या दारासमोर खोकला दाबून धरायचे आणि कोपऱ्यावर जाऊन मोकळेपणानं खोकायचे. हळदीकुंकवाला तिला 'या' म्हणत नसत. 'आमच्याकडे अमक्या दिवशी आहे' एवढंच सांगून निघून जात. शेजारच्या रत्नाक्का पूर्वी दिवसातून तीनदा कुंपणाच्या भिंतीवरून कढीपत्ता नाहीतर चार मिरच्या मागायच्या. त्यांनी परसात स्वतःचं कढीपत्त्याचं झाड लावलं. ते चांगलं वाढलं.

कस्तुरीचं लग्न झालेलं नव्हतं, आईवडील गेलेले, भाऊ बंगळूरला. एकटी राहायची तिला सवय होती. पण एकटं राहणं निराळं आणि कुणालाच आपल्याकडून काही नको असणं निराळं. हे दुसरं तिला आतून पोखरत होतं, आणि तसं ती स्वतःशी कबूलही करायची.

लग्नाहून आल्यावर आठवड्याभरात तिची डाव्या बाजूची दाढ ठणकायला लागली. मग गाल सुजला. मग तोंड पुरतं उघडेना. दातांचे डॉक्टर अभिनंदन चौगुले तिच्याच वर्गातले. पूर्वी 'ए कस्तुरे' म्हणणारा हा माणूस कायदा झाल्यापासून तिला 'मगदूमबाई' म्हणत असे. त्यांनी आतला फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला.

"पू जबड्याच्या खाली उतरलाय. मानेकडे सरकला तर जिवावर बेतू शकतं. प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतल्यात तर आठवड्यात बरं वाटेल." ते पाठ केल्यासारखं बोलत होते. "गोळ्यांनी घशातले रक्षकाणूही मरतील. परत येणार नाहीत. गोळ्या नकोच असतील तर चीर देऊन पू काढता येतो. त्यानं थोडे दिवस निभतील. निभतीलच असं नाही. इच्छा तुमची."

"अभिनंदन, तुला काय वाटतं?"

डॉक्टर हात धुवायला वळले.

"एक वाक्य बोल," कस्तुरी सुजल्या तोंडानं म्हणाली. "घे म्हण, नाहीतर नको म्हण. मी कुणाला सांगणार नाही."

"मला दोन्ही सांगावंसं वाटतंय," ते पाठमोरेच म्हणाले. ती निघाली तेव्हा त्यांनी गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात न देता टेबलावर तिच्या बाजूला ठेवलं.

घरी येऊन कस्तुरीनं पाकीट शिलाई मशीनवर ठेवलं आणि समोर बसून राहिली. तिला त्या गोळ्या घ्यायच्या होत्या. दुखणं होतंच, जिवाची भीतीही होती, पण खरी ओढ वेगळी होती. गोळ्या घेतल्या की ती धारक उरणार नव्हती. पेटी काढून नेतील, भिंतीला गिलावा होईल, आणि कुणीतरी बाई दारातून ओरडेल की संध्याकाळपर्यंत साडी पाहिजे. लोक तिच्यावर रागावतील, तिच्याकडे उसनं मागतील, तिच्या तोंडावर खोकतील. कायदा सांगत होता की यात काही गैर नाही. पण मग कुठल्यातरी तालुक्यातलं कुठलंतरी मूल? त्याचं नाव तिला माहीत नव्हतं, चेहरा माहीत नव्हता, ते आहे की नाही हेसुद्धा माहीत नव्हतं. जे दिसत नाही त्याच्यासाठी जीव धोक्यात घालायचा, आणि तोही या असल्या एकटेपणात राहण्यासाठी? तिनं पाकीट फोडलं आणि एक गोळी तळहातावर घेतली.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की भिंतीपलीकडून पाढे ऐकू येत नाहीत.

रत्नाक्कांची नात मैथिली दुसरीत होती. शाळेतून आली की ती परसातल्या धुण्याच्या दगडावर उभी राहून पाढे म्हणायची, तेही सबंध गल्लीला ऐकू जातील असे. सातच्या पाढ्यात रोज एकाच ठिकाणी चुकायची आणि मागचा आकडा पुन्हा जोरात म्हणायची. कस्तुरीच्या दिवसात आपणहून शिरणारा तो एकच आवाज होता, कारण मैथिलीला कायदा समजत नव्हता. आठवायला गेल्यावर कस्तुरीला वाटलं की पाढे काल नव्हते, परवाही नव्हते. गोळी तिनं परत पाकिटावर ठेवली.

परसदार ढकलून रत्नाक्का थेट आत आल्या. या दारातून त्या आल्याला वर्षं झाली होती.

"तोंड बघू," त्या म्हणाल्या आणि कस्तुरीची हनुवटी धरून तिचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. कस्तुरी हललीच नाही. इतक्या दिवसांत तिला कुणी असा हात लावला नव्हता, आणि त्या खरखरीत बोटांनी तिला एकदम रडू यायला लागलं.

"भिंतीवरनं दिसलीस काल. एवढा गाल सुजलाय. डॉक्टरनं गोळ्या दिल्यात न्हवं?"

"दिल्यात."

"मग घेतल्या का न्हाईस?"

"रत्नाक्का, असं बोलू नका. गुन्हा आहे तो."

"काय गुन्हा हाय आन् काय न्हाई, मला समदं ठाव हाय," रत्नाक्का म्हणाल्या. "माझा थोरला दीर दाढंचं दुखणं अंगावर काढून गेला. गळा असा सुजलावता, पाणी उतरंना. तुला तसं व्हायला नको. गोळ्या घे. आत्ता माझ्यासमोर घे."

त्यांनी स्वतःच माठातून पाणी काढलं आणि पेला तिच्यासमोर धरला. कस्तुरीनं पेला घेतला, पण प्यायली नाही.

"मैथिली दिसत नाही दोन दिवस."

रत्नाक्का माठावर झाकण ठेवत होत्या. ते नीट बसेना म्हणून त्यांनी पुन्हा ठेवलं.

"मामाच्या गावाला गेलीय."

"शाळा चालू आहे ना?"

"मग? शाळा बुडवून गेलीय. मामा न्यायला आलता."

कस्तुरीची नजर खिडकीतून भिंतीपलीकडे गेली. रत्नाक्कांच्या मागच्या पडवीत मैथिलीचा मामा उभा होता. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात थर्मास, आणि दवाखान्यात रात्रभर बसून आलेल्या माणसाची असतात तशी दाढीची खुंटं. कस्तुरीशी नजरानजर होताच तो घाईनं खांबाआड झाला. थर्मास तेवढा दिसत राहिला.

रत्नाक्कांनीही ते पाहिलं. कस्तुरीनं पाहिलंय, हेही त्यांनी पाहिलं. त्या बाईला खोटं बोलायची सवय नव्हती. पण त्यांनी शब्द फिरवला नाही.

"मामाच्या गावालाच गेलीय," त्या पुन्हा म्हणाल्या. "बरी हाय. तू गोळ्या घे गं बाय. तुझा जीव तू बघ." आणि पदर तोंडावर धरून त्या आल्या वाटेनं निघून गेल्या.

त्यांच्यामागे कस्तुरी मनसोक्त रडली. दाढ ठणकत होती, रडताना जास्तच ठणकत होती, पण तिला थांबावंसं वाटेना. पोर दवाखान्यात श्वासासाठी झगडत असताना ही बाई आपल्याला औषध घे म्हणून दटावायला आली होती. 'माझ्या नातीसाठी दे' एवढं एक वाक्य तिच्या जिभेवर असणार, आणि ते गिळून ती खोटं बोलली होती. इतकी वर्षं सगळ्या गावानं कस्तुरीला मोकळं सोडलं होतं ते लांब राहून. या बाईनं हनुवटी धरून मोकळं सोडलं. आणि नेमकं त्यामुळेच आता तिला सुटता येत नव्हतं.

तिनं गोळ्यांचं पाकीट कपाटात ठेवून दिलं.

सकाळी पेटीनं विचारलं, "आज देण्याची आपली इच्छा आहे का?"

कस्तुरीनं 'हो' दाबलं.

"हा निर्णय आपण कुणाच्या सांगण्यावरून घेतला आहे का?"

हे बटण आजवर तिनं न बघता दाबलं होतं. आज तिचा हात थांबला. दे असं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. सांगणारं एकच माणूस आलं होतं आणि त्यानं उलटच सांगितलं होतं. म्हणजे 'नाही' हे उत्तर अगदी खरं होतं. पण रत्नाक्का आल्या नसत्या तर आत्तापर्यंत दोन गोळ्या पोटात गेल्या असत्या, हेही तितकंच खरं होतं. 'हो' दाबलं तर काडी मिळणार नव्हती, आणि चौकशीची गाडी रत्नाक्कांच्या दारात उभी राहिली असती. कस्तुरीनं 'नाही' दाबलं. पेटी नेहमीच्याच आवाजात "ठीक आहे" म्हणाली.

जबडा उघडायलाच तिला बराच वेळ लागला. काडी घशापर्यंत नेताना डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी तिनं ती नीट, सगळीकडून फिरवली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग डॉक्टरांना फोन लावला.

"अभिनंदन, गोळ्या नकोत. चीर दे. दुपारी येते."

"दुखेल," ते म्हणाले. "आणि मी रोज बघणार. ताप आला, मान ताठरली, तर लगेच..." ते अडखळले. "लगेच काय ते तू ठरव. इच्छा तुझी."

'तुझी' म्हणाला, एवढं तिच्या ध्यानात आलं. तिनं डोक्याला रुमाल गुंडाळला, गाल झाकला आणि बाहेर पडली.

रत्नाक्का दाराला कुलूप लावत होत्या. मामा गाडी बाहेर काढून बसला होता. मागच्या सीटवर डबा, थर्मास आणि मैथिलीचा घडी केलेला फ्रॉक होता.

"मलाही न्या," कस्तुरी म्हणाली. "मामाच्या गावाला."

मामानं समोरच्या काचेकडे बघत राहणं पसंत केलं. रत्नाक्का किल्ली मुठीत आवळून उभ्या राहिल्या.

"गोळी घेतलीस?"

"नाही."

"कस्तुरे, जा घरला."

"मी कुणाकडेच काही मागत नाही आहे, रत्नाक्का. तुम्हीही माझ्याकडे काही मागितलं नाहीत. मला फक्त तिला बघायचंय."

"एकदा बघितलंस की मग तुझ्या हातात काय ऱ्हात न्हाई," रत्नाक्का हळू आवाजात म्हणाल्या. "उद्या तुझी मान सुजली, तरी तुला न्हाई म्हणता यायचं न्हाई. तिचं तोंड डोळ्यांपुढं येणार. मग तुझी इच्छा कुठली? त्यासाठी तर एवढं खोटं बोलली मी."

"इतकी वर्षं माझ्याजवळ नुसती इच्छाच आहे," कस्तुरी म्हणाली. "दुसरं काहीच नाही."

गल्लीच्या तोंडाशी पेटीची गाडी वळताना दिसली. ती कस्तुरीच्या भिंतीशी थांबली, कुणीतरी खाली उतरलं, छोटं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि गाडी पुढे निघून गेली. तिघंही ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग रत्नाक्कांनी मामाच्या गाडीचं मागचं दार उघडलं, फ्रॉक उचलून मांडीवर घेतला आणि कस्तुरीला बसायला जागा केली.

गाडी सुरू झाल्यावर थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तिथं दारात सरकारचा माणूस असतोय. इचारंल की, धारक बाईला हितं कुणी बोलावलं? मग काय सांगायचं मी?"

कस्तुरीनं सुजला गाल हातानं धरून ठेवला होता. रस्त्याला खड्डे होते आणि प्रत्येक खड्ड्यागणिक कळ मस्तकात जात होती. तिनं उत्तर जुळवून पाहिलं, पुन्हा जुळवून पाहिलं. खरंच, तिला इथं कुणी बोलावलं होतं?